मोजणाऱ्याची सावली

दिवाळीच्या आधीचे चार-सहा दिवस आमच्या घरावर स्वयंपाकघराचे राज्य असते. त्या राज्यात माझ्यासारख्या माणसाला एकच काम मिळते : साखर मिक्सरवर फिरवायची, चाळायची आणि डबा भरून पुढे सरकवायचा. २०२२ सालच्या दिवाळीत मी या कामाला बसलो असतानाच माझा एक जुना विद्यार्थी भेटीला आला. आमच्याच खोऱ्यातला पोरगा. वर्गात त्याचे लक्ष फळ्यापेक्षा रस्त्यावरून जाणाऱ्या एस.टी.च्या आवाजाकडे अधिक असे. पुढे तो इंजिनांतच रमला, आणि त्या इंजिनांनीच त्याला थेट अंटार्क्टिकाला नेले. तिथल्या 'भारती' या आपल्या संशोधन केंद्रावर गाड्या आणि जनरेटर सांभाळणाऱ्या मंडळींत त्याची निवड झाली होती. एक अख्खा हिवाळा तिथे काढून तो परतला होता.

पाटण हे कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावरचे गाव. आम्हांला पाणी ठाऊक आहे. नको इतके ठाऊक आहे. पण बर्फ म्हणजे आमच्या लेखी रसवंतीतला, गोणपाटात गुंडाळलेला लादीचा बर्फ. फार तर थंडीतल्या एखाद्या पहाटे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याची बातमी वर्तमानपत्रात येते, आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर साचलेल्या त्या पांढऱ्या कणांचे छायाचित्र आम्ही कौतुकाने पाहतो. ज्याने समुद्र गोठलेला पाहिला आहे असा माणूस समोर येऊन बसल्यावर मी चाळण बाजूला ठेवली.

"कसा असतो रे तो बर्फ?" मी विचारले.

त्याने परातीकडे बोट केले. "असाच की, गुरुजी. ही तुमची पिठीसाखर हाय न्हवं, तसाच."

मला वाटले, हा नुसत्या पांढरेपणाविषयी बोलतो आहे. पण त्याच्या म्हणण्यात अधिक अर्थ होता. त्याने देवघरातल्या वाटीतून खडीसाखरेचा एक खडा मागून घेतला आणि उजेडासमोर धरला. खडा काचेसारखा आरपार. मग परातीतली पिठी चिमटीत घेतली. ती शुभ्र.

"दोन्ही साखरच," तो म्हणाला. "खड्यातनं उजेड पार जातो. पिठीत त्यो इतक्या कणांवर आपटतो की माघारीच फिरतो. आमच्यासंगं जे सायब हुतं त्यांनी समजावून सांगितलं. बर्फाचा कण बी काचेसारखाच असतो. कण लई झालं की ढीग पांढरा दिसतो." एवढे बोलून त्याने तांब्यातले पाणी बोटावर घेतले आणि पिठीवर एक थेंब सोडला. थेंब पडला तिथला पांढरेपणा विझला. करडा, ओलसर डाग उरला. "आन् बर्फ वितळाया लागला की असं हुतं."

आतून आवाज आला, "अहो, तो डाग करंजीच्या सारणात जाणार आहे का?"

आम्ही दोघांनी तो डाग चमच्याने निमूटपणे काढून टाकला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही.

त्या डागात केवढी गोष्ट दडली होती, हे मला मागाहून वाचताना कळले. ताज्या हिमावर शंभर भाग ऊन पडले, तर त्यातले ८० ते ९० भाग ते आल्या वाटेने आकाशात परत पाठवते. वर हिम नसलेला उघडा समुद्रबर्फ ५० ते ७० भाग परत पाठवतो. त्याच्यावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचली की परतीचा हिस्सा आणखी घटतो. आणि बर्फ नाहीसा होऊन काळा समुद्र उघडा पडला, की शंभरातले जेमतेम ६-७ भाग परत जातात. बाकीची सारी ऊब समुद्र पिऊन टाकतो. त्या उबेने आणखी बर्फ वितळतो, आणखी काळे पाणी उघडे पडते. परत फिरणाऱ्या या हिश्श्याला शास्त्रज्ञ 'आल्बेडो' म्हणतात. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ 'शुभ्रपणा' एवढाच आहे. पृथ्वीची दोन टोके थंड राहण्यात या शुभ्रपणाचा मोठा वाटा आहे. आणि थंड टोके व तापलेला मध्य यांच्यातल्या फरकावरच जगातले वारे चालतात. तेव्हा कुठे दक्षिण ध्रुव आणि कुठे आमचे पाटण, असे म्हणून हात झटकता येत नाहीत.

तसे आमच्या जिल्ह्याचे त्या बर्फाशी एक जुने नातेही आहे. आपली पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरली. त्यानंतर दोन वर्षांनी, १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत, औंधच्या पंतप्रतिनिधींच्या घराण्यातल्या अदिती पंत गेल्या. त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता या आपल्या मोहिमेतून तिथे पोहोचलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया. अदिती पंतांचा अभ्यास समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचा. म्हणजे एका अर्थी उजेडाचाच. बर्फावर पडलेल्या उन्हातले बरेचसे परत जाते, काही बर्फातच मुरते, आणि जे थोडे खाली पाझरते त्या अंधुक उजेडावर बर्फाच्या पोटाशी शेवाळ जगते. त्या शेवाळावर कोळंबीसारखे बारीक जीव, त्यांच्यावर पेंग्विन आणि देवमासे. वरून मृत दिसणाऱ्या त्या पांढऱ्या पडद्यातून किती उजेड खाली उतरतो, यावर खालचा सारा संसार उभा आहे. त्याच मोहिमेने 'दक्षिण गंगोत्री' हे आपले पहिले केंद्र बर्फावर उभारले. आणि हिमाने ते हळूहळू असे गाडून टाकले की १९९० मध्ये ते सोडावे लागले. हिम नुसते सुंदर नसते, ते साचते, हा धडा तिथे मिळाला.

माझ्या विद्यार्थ्याने तिथे दोन मापे जवळून पाहिली होती. त्यांची हकीकत सांगता सांगता, त्याच्या नकळत, त्याने माझ्यापुढे एक प्रश्न ठेवला.

पहिले माप जाडीचे. २०१२ मध्ये सुरू झालेले 'भारती' केंद्र समुद्राच्या काठावर आहे, आणि हिवाळ्यात भोवतालचा समुद्र गोठतो. पाणी खारट, म्हणून ते शून्याला न गोठता उणे १.८ अंशाला गोठते. गोठताना ते मीठ बाहेर टाकत जाते. पण सगळे टाकता येत नाही, आणि खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब बर्फाच्या पोटात अडकून राहतात. त्यामुळे नवा समुद्रबर्फ गोड्या पाण्याच्या बर्फाहून कमकुवत असतो. वरून पाहावे तर सगळा सारखाच पांढरा. म्हणून त्यावर गाडी घालण्यापूर्वी माणसे पुढे जातात, लांब गिरमिटाने आरपार भोक पाडतात आणि त्यातून टेप सोडतात. टेपच्या टोकाला खाली गेल्यावर आडवी होणारी पट्टी असते. ती बर्फाच्या खालच्या अंगाला अडकते आणि जाडी हाती येते. मग थोडे पुढे जाऊन पुन्हा भोक.

"त्या येळंला कुनी आळस करत न्हाई, गुरुजी," तो म्हणाला. "आकडा खोटा लिवला तर आपलीच गाडी खाली जायची."

दुसरे माप शुभ्रपणाचे. एका उभ्या खांबाला लांब आडवा दांडा. त्याच्या टोकाला दोन यंत्रे, एक आकाशाकडे तोंड केलेले आणि दुसरे बर्फाकडे. वरचे येणारे ऊन मोजते, खालचे परत जाणारे. परतीच्या आकड्याला येणाऱ्या आकड्याने भागले की झाला हिशेब. ऐकायला सोपे, पण हे माप भारी नाजूक. दांडा जरासा कलला तरी चूक. वरच्या काचेवर चार हिमकण बसले तरी चूक. ज्या हिमाचे माप घ्यायचे त्यावर पाऊल उमटले, तर ते हिमच पहिले राहत नाही. एके दिवशी माझा विद्यार्थी काही सामान घेऊन त्या खांबाकडे निघाला होता.

"सायब लांबनंच वरडलं, गुरुजी. 'सावली! तुमची सावली बाजूला घ्या!' मी खाली बघतो तर काय, माझी सावली लांबच्या लांब जाऊन पार यंत्राखाली पडलेली. मी लई अंतरावर हुतो. सावली माझ्या आधी पोचली हुती."

तिथे सूर्य क्षितिजापासून फारसा वर चढत नाही. त्या प्रदेशात माणूस लहान असतो आणि त्याची सावली मोठी.

तो हे सांगून हसला. मला हसू आले नाही. का, ते पुढे सांगेन.

हिमाचा खड्डा खणतानाही अशीच शिस्त पाळतात, असे मी पुढे वाचले. हिमात उभा खड्डा घ्यायचा आणि त्याच्या भिंतीवर थराथराने मापे घ्यायची : ठराविक मापाचा तुकडा कापून त्याचे वजन, दर थोड्या अंतरावर तापमान, भिंगाखाली कणांचा आकार. पण खड्डा असा खणायचा की मोजायची भिंत सावलीत राहील. ऊन लागले की ती भिंत बदलू लागते. म्हणजे एकीकडे सावली राखायची आणि दुसरीकडे ती काढून घ्यायची. दोन्हींत हेतू एकच : आपल्या येण्याने समोरची वस्तू बदलू नये. एवढा खटाटोप कशासाठी, तर हिमाचा स्वभाव दुहेरी आहे म्हणून. उन्हाळ्यात तेच हिम ऊन परतवून खालचा बर्फ राखते. हिवाळ्यात तेच गोधडीसारखे पांघरून बसते, समुद्राची ऊब बाहेर जाऊ देत नाही आणि बर्फाला जाड होऊ देत नाही. ते रक्षक की वैरी, हे नुसते पाहून ठरत नाही, मोजूनच कळते.

आता तो प्रश्न. जाडी सगळेच खरी मोजतात, कारण तिथे प्रत्येकाची मान अडकलेली असते. त्या खरेपणात धर्म किती आणि भीती किती, हे सांगता येणार नाही. पण शुभ्रपणाचे काय? त्या ओसाडीत, बोटे बधिर करणाऱ्या थंडीत, एखाद्याने कंटाळून कालचाच आकडा आज लिहिला, तर कोण पाहणार? गाडी बुडणार नाही, कोणी ओरडणार नाही. तो आकडा मायदेशी येईल, कुठल्या तरी तक्त्यात बसेल आणि हजारो खऱ्या आकड्यांच्या गर्दीत हरवून जाईल. ज्या खोट्याने समोर कोणाचेच नुकसान होताना दिसत नाही, ते खोटे पाप आहे काय? आणि तपासायला कोणीही येणार नसताना माणसाने खरे का मोजावे?

माझ्या लहानपणी आमच्या खळ्यावर रास मोजायची एक रीत होती. पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. मग दोन, तीन. खळ्यात पायताण घालून जायचे नाही. मोजणाऱ्याशी मध्येच बोलायचे नाही. शाळेत चार बुके शिकल्यावर मला ही भाबडी समजूत वाटू लागली. आता वाटते, त्या माणसांना एक गोष्ट पक्की कळली होती. माणूस मापाला हात घालतो त्याच क्षणी त्याचा मोह जागा होतो. पायली भरणाऱ्याची मूठ, तराजू धरणाऱ्याचे बोट, हिशेब लिहिणाऱ्याची लेखणी, या तिन्हींना थोडा धाक हवा. म्हणून पायताण बाहेर आणि तोंडी देवाघरचा शब्द. यंत्राखाली पडणारी सावली त्यांनी पाहिली नव्हती. पण सावली पडते हे त्यांना ठाऊक होते.

आता मला हसू का आले नाही ते सांगतो.

आमच्या शाळेच्या अंगणात एक पर्जन्यमापक आहे. वर नरसाळे, आत बाटली आणि मोजायला खुणा घातलेले काचेचे पात्र. एवढाच त्याचा संसार. त्याचे आकडे सरकारदरबारी जात नाहीत; मुलांना सवय लागावी म्हणून तो बसवलेला. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजायचे आणि वहीत मिलिमीटर लिहायचे. सुट्टीत आणि झोडपणाऱ्या पावसात ते काम माझे.

आमच्या मुलखात पाण्याच्या आकड्याला मान आहे. पश्चिमेला कोयनानगरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. धरणात किती टीएमसी पाणी झाले, हे पावसाळ्यात पाटणपासून सांगलीपर्यंतची शेंबडी पोरेही सांगतात. धरण भरले म्हणजे १०५ टीएमसी, हे लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही पाठ असते. खाली सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेले, त्यावरून घरातली बोचकी माळ्यावर चढवायची की घर सोडायचे, हे ठरते. अशा मुलखातला मी शिक्षक.

२०१९ च्या जुलैअखेरीस आणि ऑगस्टच्या आरंभी पावसाने कहर केला. सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले. शाळांना सुट्टी मिळाली. त्या दिवसांत माझ्या कादंबरीची शेवटची प्रकरणे जुळून येत होती, आणि लिहिणाऱ्याला असे दिवस वर्षातून फार थोडे मिळतात. मी खोलीत लिहीत बसलो. शाळा तीन-चार मैलांवर. आज जाऊ, उद्या जाऊ, असे करता करता आठ सकाळी गेल्या. नवव्या दिवशी जाऊन पाहतो तर बाटली भरून पाणी कधीच बाहेर वाहून गेलेले. वहीत आठ घरे रिकामी होती. ती तशीच मुलांपुढे ठेवायची मला लाज वाटली. मी वर्तमानपत्रांतले आकडे चाळले, पत्र्यावरचा आवाज आठवला, आणि आठ घरे भरून टाकली. ११२, १८७, २४३, असे. शंभर, दोनशे असे गोल आकडे मी कटाक्षाने टाळले. कारण खरा पाऊस गोल आकड्यांत पडत नाही. कादंबरीकाराला हे शिकवावे लागत नाही.

तेव्हा मला त्यात काही पाप वाटले नाही. कोणाचे काय बिघडले? माणसेच्या माणसे मी कल्पनेतून उभी करतो, त्यांना मारतो, रडवतो, आणि लोक त्याचे कौतुक करतात. मग आठ दिवसांचा पाऊस काय मोठा! पण कादंबरी वाचणाऱ्याला ठाऊक असते की हे रचलेले आहे. आमच्यात तसा करारच असतो. वहीतला करार निराळा आहे. तिथल्या प्रत्येक आकड्याच्या मागे एक न लिहिलेले वाक्य असते : 'हे मी पाहिले.' ते वाक्य मी आठ वेळा खोटे लिहिले होते.

पुढे २०२१ चा जुलै आला. २२ तारखेपासूनच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला. त्याच पावसात आमच्या तालुक्यात आंबेघर, मीरगाव, ढोकावळे या ठिकाणी डोंगर खचून घरांवर आले. माणसे गेली. त्या दिवसांविषयी मी इथे अधिक लिहीत नाही. ज्यांची गेली त्यांच्या अंगणात अजून दिवाळीचा दिवा कापऱ्या हाताने लागतो. त्या वर्षीच्या आमच्या वहीतल्या नोंदी खऱ्या होत्या.

२०२२ च्या पावसाळ्यात सातवीतल्या एका मुलीने त्या वहीवरून आलेख काढला. २०१९ एका रंगात, २०२१ दुसऱ्या. आलेखावर तिने एक आडवी तांबडी रेघ मारली होती. मी विचारले, "ही रेघ कसली ग?"

ती म्हणाली, "गुरुजी, २०१९ ला एका दिवसात इतका पाऊस झाला, तरी आमच्या घरावरचा डोंगर हलला न्हाई. म्हंजी इतका त्यो सोसतो. ह्या रेघंच्या वर पाऊस गेला की आम्ही मामाकडं जायाचं. आईला बी सांगितलंय."

ती रेघ माझ्या २४३ या आकड्याच्या डोक्यावर टेकली होती.

मी काय करायला हवे होते, हे लहान मूलही सांगेल. मी काय केले, ते मी सांगतो. मी म्हणालो, "आलेख छान काढलास." आणि पुढच्या वहीकडे वळलो. डोंगर केव्हा खचेल हे एका बाटलीतल्या पाण्यावरून ठरत नाही, माती, उतार, आदल्या दिवसांची ओल, सारे पाहावे लागते, असे काहीसे शहाणपण मी तिला दुसऱ्या दिवशी शिकवले. ते खरेच होते. पण एका खऱ्याआड दुसरे खरे लपवता येते, हेही मी त्या दिवशी शिकलो. पितृपक्ष गेला, दसरा गेला. मी गप्प होतो. आणि मग दिवाळीत माझा जुना विद्यार्थी परातीशी बसून म्हणाला, "सावली माझ्या आधी पोचली हुती."

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. ज्या खोट्याने कोणाचे नुकसान होत नाही असे आपण म्हणतो, त्या खोट्याचा पत्ता आपल्याला ठाऊक नसतो, एवढेच. आकडा लिहिणाऱ्याच्या हातून सुटला की तो कोणाच्या घरी जाऊन उभा राहील, कोण त्याच्यावर भार टाकील, हे लिहिणाऱ्याला दिसत नाही. जाडीच्या आकड्यावरून आपली स्वतःची गाडी जाते. इतर सगळ्या आकड्यांवरून दुसऱ्या कोणाची तरी गाडी जाते, आणि तिथे आपण हजर नसतो. म्हणूनच तिथला खरेपणा अधिक कसाचा.

त्या रात्रीपासून मी समुद्रबर्फाविषयी मिळेल ते वाचू लागलो. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. बरेचसे डोक्यावरून गेले. पण दोन गोष्टी मनात रुतल्या.

उपग्रहांनी ध्रुवीय समुद्रबर्फाची नोंद १९७८ च्या अखेरीपासून ठेवली आहे. त्या नोंदीत एक भोक आहे. १९८७ च्या डिसेंबरच्या आरंभापासून १९८८ च्या जानेवारीच्या मध्यापर्यंत, सुमारे सहा आठवडे, उपग्रहातल्या बिघाडामुळे मापे मिळाली नाहीत. जगातल्या एवढ्या शहाण्या माणसांना ती जागा भरणे काय अवघड होते? आधीचे आकडे हाताशी होते, नंतरचेही होते. पण ती जागा रिकामी म्हणूनच ओळखली जाते. कोणी हिशेबापुरता तिथे अंदाज धरला, तर तो अंदाज आहे असे सांगून धरतो. ते सहा आठवडे वाचले तेव्हा माझी आठ घरे माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. रिकाम्या जागेची मला लाज वाटली होती. तिथे ती रिकामी जागाच त्या सगळ्या नोंदीची अब्रू राखून होती.

दुसरी गोष्ट अपेक्षेची. जग तापते आहे, तेव्हा दोन्ही ध्रुवांवरचा समुद्रबर्फ घटत असणार, असे कोणालाही वाटेल. उत्तरेकडे तो घटतच होता. दक्षिणेकडे मात्र तो कित्येक वर्षे किंचित वाढत गेला. एरवी तिथे हिवाळ्याअखेर सुमारे १ कोटी ८५ लाख चौरस किलोमीटर समुद्र गोठतो, म्हणजे आपल्या देशाच्या पाचपटीहून अधिक. २०१४ च्या सप्टेंबरात हा आकडा २ कोटींच्या वर गेला. मोजणाऱ्यांनी तो तसाच लिहिला. ज्यांना तो गैरसोयीचा होता त्यांनीही लिहिला, आणि त्याचा आधार घेऊन काहींनी तापमानवाढीची टिंगल केली, तीही सोसली. मग २०१६ पासून दक्षिणेचा बर्फ झपाट्याने उतरला. पुढे २०२३ च्या सप्टेंबरात तो १ कोटी ७० लाखांच्याही किंचित खाली राहिला. उपग्रहांच्या नोंदीत हिवाळ्याचा एवढा कमी आकडा त्याआधी कधी आला नव्हता. आज त्या घटीवर विश्वास बसतो, तो याच कारणाने की वाढ झाली तेव्हा वाढही लिहिली गेली होती. माणसाची सावली केवळ आळसाची नसते, इच्छेचीही असते. आपले म्हणणे खरे ठरावे ही इच्छा तर भल्याभल्यांची सावली लांब करते.

दिवाळीची सुट्टी संपली. पहिल्याच दिवशी मी ती जुनी वही वर्गात नेली आणि लाल शाईने त्या आठ घरांवर आडव्या रेघा मारल्या. मुलांना सांगितले, "हे आठ आकडे मी पाहिलेले नाहीत. मी त्या दिवसांत आलो नव्हतो. मी ते मनाने लिहिले." वीस वर्षे शिकवतो आहे, पण एवढे छोटे वाक्य बोलायला मला कधी इतका वेळ लागला नव्हता.

वर्ग गप्प होता. मागच्या बाकावरून कोणीतरी खुदकन हसले आणि थांबले. मी त्या मुलीकडे पाहायचे टाळत होतो. ती उठली, कपाटातला आपला आलेख काढून माझ्या टेबलावर घेऊन आली. मला वाटले, ती काही विचारील. तिने खोडरबर काढले.

"मग हितं रेघ तोडू का, गुरुजी?"

"तोड."

तिने आठ दिवसांची रेघ पुसली. कागदावर थोडा मळका डाग राहिला. मग तिने तांबड्या रेघेवर बोट ठेवले. "आन् ही बी खाली घ्यायला पायजे. आता समद्यांत मोठा खरा आकडा १६४ हाय." तिने पट्टी लावली, आणि कसलाही राग न धरता रेघ खाली ओढली. माझ्या खोट्याने तिच्या घराला डोंगराखाली जेवढे जास्त थांबवले असते, तेवढे अंतर त्या दोन रेघांमध्ये होते. कागदावर ते बोटभर भरले.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी आपल्या वहीची पूजा करतात. माझ्याकडे व्यापार नाही. पण त्याच्या पुढच्या वर्षापासून मी ती पावसाची वही घरी आणून पाटावर ठेवतो. पहिल्या वर्षी सौ. म्हणाली, "खाडाखोड झालेली वही कशाला? नवी तरी आणायची." मी म्हणालो, "राहू दे, हीच बरी."

हळदकुंकू वाहताना समईचा उजेड वहीच्या त्या पानावर पडतो, आणि माझी सावलीही पडते. मी थोडा बाजूला सरकून बसतो.